डाळीचा ग्रुप आणि आपला ग्रुप

(स्नेहमिलनाच्या दुसऱ्या सत्रातलं मनोगत. स्मरणिकेसाठी उतरवताना बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : “व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून डाळीचा धंदा कसा वाढवला ते सांग.” वेळ वीस मिनिटं. मी त्यात दोन गोष्टी बसवणार आहे. एक माझ्या डाळीच्या ग्रुपची आणि दुसरी आपल्या बॅचच्या ग्रुपची. दुसरी काहींना आवडणार नाही, हे मला माहीत आहे. पण सर आणि मॅडम पहिल्या रांगेत बसलेत, त्यामुळे मध्येच कोणी ओरडणार नाही, या भरवशावर बोलते.

२०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ २०० रुपये किलोला भिडली होती, तुम्हाला आठवत असेल. शहरातल्या वर्गमैत्रिणी तेव्हा मला चिडवायच्या, “तू तर शेतकरीण, तुझी चंगळ आहे.” त्या भावाकडे बघून पुढच्या खरिपात ज्यानं त्यानं तूर पेरली. पाऊसही बरा झाला. आणि २०१७ च्या सुरुवातीला बाजार समितीत तूर टाकायला जागा उरली नाही. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल होता आणि व्यापारी चार हजारांच्याही खाली मागत होते. सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागायचे, बारदाना संपायचा, ट्रॅक्टर तिथेच मुक्कामी. आमच्या घरी त्या साली २१ क्विंटल तूर होती. दारव्ह्याला दोन चकरा झाल्या आणि यांनी पोती परत घरी आणून टाकली.

सासरे ओसरीवर बसून म्हणाले, “भाव काही आपण ठरवत नाई बाई. मार्केट ठरवते.”

गावातल्या बचत गटाकडे मिनी डाळ मिल होती. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेलं ते यंत्र आपल्या भागात बऱ्याच गटांकडे आहे. बरेचदा एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेलं असतं. आमचंही तसंच होतं. तूर साफ करायची, यंत्रातून ओरखडून घ्यायची, तेलाचा हात लावून मुरू द्यायची, पाणी मारायचं, गच्चीवर उन्हात वाळवायची आणि मग भरडायची. १०० किलो तुरीची ७० किलोच्या आसपास डाळ पडते. बाकी चुरी आणि टरफल, ते ढोरांना. चार बायकांनी मिळून पहिली दोन पोती काढली. पुण्याला माझी नणंद असते. तिनं तिच्या सोसायटीत विचारलं आणि १९ घरांनी डाळ घेतली. पहिल्या साली ग्रुप वगैरे काही नव्हता. १९ घरं आणि १९ फोन.

ग्रुप निघाला दुसऱ्या साली, आणि तो मी काढला नाही, नणंदेच्या शेजारणीनं काढला. तिचं म्हणणं साधं होतं, “तुम्ही प्रत्येकीला तेच तेच सांगता, एकदाच सांगा.” तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसं मावत. आता १,०२४ मावतात. मला एवढी कधी लागलीच नाहीत. आज माझे तीन ग्रुप आहेत, पुणे, नागपूर आणि यवतमाळ, मिळून ४०० च्या थोडी वर घरं. आकडा ऐकून कोणी टाळ्या वाजवू नका. हा आकडा मोठा नाही. पण यातल्या तीन हिश्शांहून जास्त घरांनी मागच्या साली परत डाळ घेतली, त्या आकड्यावर आमच्या गटातल्या अकरा बायकांची घरं चालतात.

आता यात नवीन काय? खरं सांगायचं तर काहीच नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एका ठिकाणी उतरवून घ्यायचा आणि आपसात वाटून घ्यायचा. त्याच्याही दहा वर्षं आधी, १९६५ मध्ये, टोकियोच्या एका भागात दोनशेएक बायकांनी मिळून दूध घाऊक घ्यायला सुरुवात केली. त्यातून सेइकात्सु क्लब नावाची ग्राहकांची मोठी सहकारी संस्था उभी राहिली. सात-आठ घरांच्या गटाला ते लोक ‘हान’ म्हणतात. इकडे पुण्याजवळ ज्ञानेश्वर बोडके यांच्या अभिनव फार्मर्स क्लबनं शेतकऱ्यांना एकत्र करून भाजी आणि दूध थेट शहरातल्या घरांत पोचवलं. आपल्या आयांचं तर काय, भिशी होती. भिशीत कोणाला घ्यायचं हे त्या किती पारखून ठरवायच्या, आठवा! व्हॉट्सॲपनं फक्त फोनचं बिल वाचवलं. पारखायचं काम आपलंच राहिलं.

त्या पारखण्यापासून सुरुवात करते, कारण लोक सगळ्यात जास्त तिथेच घाई करतात. ग्रुपची लिंक फेसबुकवर टाकली की दोन दिवसांत तीनशे जण येतात. त्यातले निम्मे काही विकायलाच आलेले असतात. माझ्याकडे लिंक नाही. आधीच्या एखाद्या घरानं नाव सांगावं लागतं, मग मी स्वतः फोन करते. पाच मिनिटं बोलते. घरात माणसं किती, वर्षाची डाळ एकदम घेता की महिन्याची, पॉलिशची सवय आहे का. आमच्या डाळीला पॉलिश नाही, ती चकचकत नाही, हे आधीच सांगून टाकते. काही जण तिथेच “बरं, बघू” म्हणतात. ते बरंच झालं. माझा मुलगा म्हणतो, “आई, तू गिऱ्हाईक पळवते.” पळून जाणारं गिऱ्हाईक पोतं फोडून झाल्यावर पळण्यापेक्षा फोनवर पळालेलं परवडतं.

दुसरं म्हणजे, भाव कसा निघाला ते मी ग्रुपवर मांडून दाखवते. आपल्याला गणिताला जे सर होते त्यांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर बरोबर असलं तरी रीत लिहिली नसेल तर अर्धे मार्क कापायचे. (सर हसतायत, म्हणजे अजून कापतील.) तर समजा तूर ७,००० रुपये क्विंटलनं घेतली. तिची ७० किलो डाळ झाली, म्हणजे किलोमागे १०० रुपये तुरीचेच. सफाई, तेल, भरडाई आणि वाळवणाची मजुरी १५. पिशवी आणि पुण्यापर्यंतचं भाडं १५. गटाचा नफा १०. झाले १४०. चुरीचे पैसे विजेच्या बिलात जातात, तेही लिहिते. बाजार समितीच्या पावतीचा फोटो शेतकऱ्याचं नाव झाकून टाकते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा गटातल्या एकजणी माझ्यावर रागावल्या, “नफा काहून सांगतं वो? उद्या कमी करा म्हणतीन.” सहा वर्षांत तसं एकदाच कोणी म्हणालं. उलट एका साली तूर महागली आणि मी भाव वाढवला, तेव्हा ग्रुपवर एकही प्रश्न आला नाही. दुकानदारानं भाव वाढवला की लोक दुकानदाराकडे बघतात. इथे त्यांनी पावतीकडे बघितलं.

तिसरी गोष्ट आगाऊ पैशांची, आणि माझ्या दृष्टीनं सगळा धंदा याच्यावर उभा आहे. डिसेंबरात नोंदणी होते, निम्मे पैसे तेव्हाच. तूर घरात येते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांना विकायची घाई असते. बँकेचं, सोसायटीचं, दुकानदाराचं देणं तेव्हाच डोक्यावर असतं. भाव पडतो तो याच घाईनं. आमच्याकडे गिऱ्हाइकांचे पैसे आधीच जमा असतात, म्हणून ज्या पंधरा-सोळा शेतकऱ्यांकडून आम्ही तूर घेतो त्यांना काट्यावरच रोख मिळते, त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा थोडी वर. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या बाबांना हे पटेचना. ते विचारत होते, “डाळ पाह्यली नाई, तूर कापली नाई, अन् पुण्याची माणसं पैसे देऊन रायली?” हो बाबा, देऊन रायली. आपल्या जिल्ह्याची ओळख पेपरात कशी छापून येते ते मी इथे सांगायची गरज नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांच्या कुटुंबाला १९ मार्च १९८६ ला काय करावं लागलं, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो. चारशे घरांच्या डाळीनं त्यात फरक पडतो असं मी म्हणणार नाही. पंधरा घरांना जानेवारीत सावकाराकडे जावं लागत नाही, एवढंच म्हणते. ते माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

आता एक वाईट दिवस सांगते, कारण ग्रुपची परीक्षा त्या दिवशी होते. मागे एकदा मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला. माल ज्या गाडीनं पुण्याला जात होता तिची ताडपत्री फाटकी निघाली. अकरा घरांच्या पिशव्या भिजल्या. रात्री साडेदहाला एका ताईंनी बुरशी धरलेल्या डाळीचा फोटो टाकला, दोनशे घरांच्या ग्रुपवर, वर लिहिलं, “हीच का घरची डाळ?” मुलगा म्हणाला, “आई, फोटो डिलीट कर, मग त्यांना फोन कर.” ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढून टाकता येतो. मी काढला नाही. त्याच फोटोखाली लिहिलं, “ताई, डाळ खाऊ नका. आणखी कोणाची पिशवी ओली आली असेल तर इथेच फोटो टाका.” रात्रीतून दहा फोटो आले. सगळा ग्रुप बघत होता. सकाळी बचत गट बसला. अकराही घरांना नवी डाळ पाठवायची ठरली, भाड्याच्या गाडीवाल्याशी भांडण नंतर. बारा दिवसांत डाळ पोचली. त्या ताई आता पुण्याच्या ग्रुपच्या सगळ्यात पक्क्या माणूस आहेत. पोती त्यांच्याच पार्किंगमध्ये उतरतात आणि चाळीस घरं तिथून घेऊन जातात. फोटो काढून टाकला असता तर दोनशेपैकी ज्यांनी तो आधीच पाहिला होता, त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं असतं.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. प्रत्येक गावासाठी दोन ग्रुप ठेवा. एकात फक्त ॲडमिन लिहितो : भाव, तारीख, माल कुठे उतरला. ही सोय २०१८ पासून आहे. दुसऱ्यात लोक बोलतात : वरणाची फोडणी, तूर लवकर शिजत नाही, कोणाच्या मुलीचं लग्न. सगळं एकत्र ठेवलं की तारीख शोधता शोधता माणूस कंटाळतो. सुप्रभात, फॉरवर्ड आणि निवडणूक बंद. खाण्याचा माल विकता तर एफएसएसएआयची नोंदणी काढा, “आम्ही तर घरगुती” हे तिथे चालत नाही. आणि वही ठेवा! फोन हरवतो, बंद पडतो, कंपनी उद्या नियम बदलते. ग्रुप कंपनीच्या घरात आहे, वही तुमच्या घरात. माझ्या वहीत प्रत्येक घराचं पान आहे.

त्या वहीवरून आठवलं. दोन वर्षांमागे एक जण आला होता, गोड बोलणारा. “तुमच्याकडे पुण्यातल्या चांगल्या घरांचे नंबर आहेत, यादी द्या, पैसे देतो.” त्यानं सांगितलेली रक्कम आमच्या गटाच्या तीन महिन्यांच्या नफ्याएवढी होती. गटात यावर एक अख्खी दुपार बोलणं झालं, कारण रक्कम खोटी नव्हती आणि दोघींच्या घरी गरज खरी होती. शेवटी नाही म्हटलं. २०२३ मध्ये लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला आहे, पण आम्ही त्या दिवशी कायद्याचं बोललो नव्हतो. त्या घरांनी नंबर डाळीसाठी दिला होता.

हा मार्ग सगळ्यांना उपयोगी नाही, हेही सांगायला हवं. झेरॉक्सच्या दुकानाला ग्रुप लागत नाही. ज्या मालाला माणूस परत परत येतो आणि ज्यात फसायची भीती वाटते, तिथे ग्रुप कामाचा. दूध, डाळ, तेल, रोपवाटिका, शिवणकाम, शिकवणी. आणि ग्रुप नवीन माणूस आणत नाही, आलेला टिकवतो. नवीन माणसासाठी आम्ही प्रदर्शनातच उभ्या राहतो. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये बचत गटांना जागा मिळते, तिथे दिवसभर बोलून घसा बसतो. मोठं करायचं असेल तर तेही होतं. पुण्यात सोनिया अगरवाल-कोंजेटी यांनी फक्त बायकांसाठी फेसबुकवर ‘पुला’ नावाचा बंद ग्रुप काढला, तो लाखोंच्या घरात गेला आणि त्यातल्या उद्योगिनींची प्रदर्शनं भरू लागली. पण तेवढ्या मोठ्या अंगणावर लक्ष ठेवायला चोवीस तास माणसं लागतात. मला गच्चीवरची डाळ पण हलवायची असते.

आता दुसरी गोष्ट. आपला ग्रुप.

आपल्या बॅचचा ग्रुप निघाला तेव्हा ६३ जण होतो. आज सकाळी मी मोजले, ५१ आहेत. बारा जण गेले, आणि कोणी भांडून गेलं नाही, “लेफ्ट” एवढंच दिसलं. त्यातल्या चौघींना मी फोन केला. चौघींचं उत्तर जवळपास एकच : रोज कोणी प्लॉट विकतं, कोणी विमा, कोणी पैसे दुप्पट करायची साखळी योजना. एकीनं त्या योजनेत पैसे घातले होते. का? तर सांगणारा वर्गातला होता म्हणून. तिनं घरी अजून सांगितलेलं नाही. नाव मी कोणाचंच घेणार नाही, आणि जो सांगत होता तोही बुडालेलाच आहे.

हे मी डाळ विकणारीच सांगते आहे, म्हणून ऐका. ग्रुप काढून धंदा करता येतो. पण ज्या ग्रुपात माणसं दुसऱ्या कशासाठी तरी जमली आहेत, तो आयता धंद्याला जुंपता येत नाही. माझ्या ग्रुपात येणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की इथे डाळ विकतात. आपल्या ग्रुपात मंडळी आली ती शाळेसाठी. तिथे विकायला उभं राहिलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणता येत नाही म्हणून तो निघून जातो. या पाच वर्षांत मी आपल्या ग्रुपवर डाळीचा एकही मेसेज टाकलेला नाही, तपासून बघा. तुमच्यातले जे नऊ जण माझ्याकडून घेतात ते फोन करून, विचारून आले.

काही जण म्हणतील, ॲडमिननं आवरायला पाहिजे होतं. ॲडमिनवर सगळं ढकलू नका. ग्रुपात दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं आपल्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात म्हटलेलं आहे. ते बिचारे फुकट काम करतात. नियम आपण सगळ्यांनी आज, इथे, समोरासमोर ठरवायचा आहे, म्हणून तर मी या विषयाला हो म्हटलं.

माझा प्रस्ताव असा. बॅचच्या ग्रुपवर विक्री पूर्ण बंद, माझ्यासकट. ज्यांना एकमेकांकडून घ्यायचं-द्यायचं आहे त्यांचा वेगळा ग्रुप. आपल्यात रोपवाटिका आहे, दिग्रसला शिवणकाम आहे, वणीला पंप दुरुस्ती आहे, पुसदला हळद आहे, एक चांगले वकील आहेत. त्यांचा उपयोग व्हायलाच हवा. त्या ग्रुपात यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, न आल्याबद्दल कोणी विचारायचं नाही. पैसे गुंतवायच्या कोणत्याही योजनेला तिथेही जागा नाही. माल किंवा काम विकणाऱ्यानं भाव आणि रीत दोन्ही लिहायची. तक्रार आली तर ती ग्रुपवरच राहील, काढायची नाही. आणि जे बारा गेले त्यांना प्रत्येकी एकानं फोन करून परत बोलवायचं. त्या चौघींना मी करते, उरलेली आठ नावं संयोजकांकडे आहेत.

जेवणानंतर यावर हात वर करून मत घेऊ. नव्या ग्रुपसाठी नावं लिहायला मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, गाव आणि काय काम करता, एवढंच लिहा. सर आणि मॅडमचे नंबर त्या वहीत कोणी लिहायचे नाहीत.